किती प्यायलात ते राहू द्या, लघवीला कितीदा गेलात ते सांगा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे चौतिशीचे, पुण्यात आठ-नऊ तास संगणकासमोर बसून काम करणारे. मोबाइलवर पाण्याची आठवण करून देणारं ॲप टाकलंय. त्याच्या हुकमाने दिवसाला चार लिटर पाणी संपवतात आणि रात्री दोनदा उठतात. आई अडुसष्ट वर्षांच्या, वरोऱ्याला राहतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे. दिवसभरात जेमतेम चार-पाच पेले पाणी पितात आणि ‘तहानच लागत नाही’ म्हणतात. दोघांत चुकतंय कोण, आणि रोज नेमकं किती पाणी प्यायला हवं?

दोघंही चुकताय. पण मला काळजी आईंची वाटते.

मी चंद्रपूर जिल्ह्यात सत्तावीस वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय. सुरुवातीला मीही प्रत्येकाला विचारायचो, ‘पाणी किती पिता?’ उत्तर ठरलेलं असायचं: ‘भरपूर पितो जी.’ भरपूर म्हणजे किती, हे कोणाला सांगता यायचं नाही. माठात गडवा बुडवायचा, वरून तोंडात धार सोडायची, अर्धी शर्टावर, यात मोजणार काय? मग वॉर्डातल्या एका जुन्या सिस्टरनी मला शहाणं केलं. त्या पाण्याबद्दल विचारायच्याच नाहीत. ‘सकाळपासून लघवीले कितीदा गेले? रंग कसा होता?’ एवढंच विचारायच्या आणि खरं उत्तर मिळायचं. तेव्हापासून मीही तेच विचारतो. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या दोन प्रश्नांत आहे.

आधी हिशेब समजून घ्या, म्हणजे लिटरच्या आकड्यांची भीती जाईल. आपल्या दोन मूत्रपिंडांतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला बहुतेक सगळा शरीर परत घेतं. बाहेर पडते ती दीड-दोन लिटर लघवी. शरीरात रोज तयार होणारा युरिया, जादा मीठ वगैरे कचरा बाहेर टाकायला कमीत कमी अर्धा लिटर लघवी लागतेच. त्याहून दाट लघवी करणं मूत्रपिंडाला जमत नाही. पण अर्ध्या लिटरवर भागवणं म्हणजे मूत्रपिंडाला रोज ओव्हरटाइम लावणं. दीड लिटरच्या वर लघवी झाली की काम सुखाने चालतं. त्यात श्वासावाटे आणि त्वचेतून नकळत उडून जाणारं पाऊण-एक लिटर धरा, शौचातून जाणारं थोडं धरा. एकूण खर्च झाला अडीच लिटरच्या आसपास.

आता जमेची बाजू. वरण, आमटी, भात, भाज्या, फळं, दूध यांतून पाऊण ते एक लिटर पाणी पोटात जातं. शिजलेल्या भातात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, काकडी-टरबुजात नव्वद टक्क्यांच्या वर. शरीर अन्न जाळताना स्वतःच पाव लिटरभर पाणी तयार करतं. उरलं किती? सव्वा ते दीड लिटर. म्हणजे डिसेंबरात घरात बसणाऱ्या निरोगी माणसाने, चहा-ताक धरून, सहा-सात पेले प्यायले तरी त्याचं व्यवस्थित चालतं. हो, चहासुद्धा पाण्यातच मोजा. चहाने लघवी थोडी जास्त होते, पण कपातलं पाणी त्यात सगळं निघून जात नाही.

मग ‘रोज आठ पेले पाणी प्यायलाच हवं’ हे आलं कुठून? १९४५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने मोठ्या माणसाला दिवसाला अडीच लिटर पाणी पुरेसं असं लिहिलं होतं. लगेच पुढे असंही म्हटलं होतं की, यातलं बरंचसं पाणी तयार अन्नातूनच मिळतं. लोकांनी पहिलं वाक्य उचललं आणि पुढचं सोडून दिलं. २००२ मध्ये हाइन्झ व्हाल्टिन या मूत्रपिंडाच्या अभ्यासकाने जुनं साहित्य धुंडाळून पाहिलं. निरोगी माणसाने रोज आठ पेले प्यायलाच हवेत याला शास्त्रीय आधार त्याला सापडला नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये बायकांसाठी २ आणि पुरुषांसाठी २.५ लिटर हा आकडा दिला, तोही अन्नातलं पाणी धरूनच आणि बेताच्या हवामानासाठी. किलोतल्या वजनाला तीसने गुणून मिलिलिटर काढायचं सूत्र अंदाजाला ठीक आहे, पण त्या सूत्राला मे महिना माहीत नाही.

आणि आमच्याकडे सगळा प्रश्नच मे महिन्याचा आहे. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, पारा ४५-४६ वर गेला की तुमचं ॲप आणि माझा वरचा हिशेब दोन्ही निकामी होतात. उन्हात अंगमेहनत करणाऱ्या माणसाला तासाला एक लिटर, कधी त्याहून जास्त घाम येतो. आमच्याकडे मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला माणसं पहाटे चारला जंगलात शिरतात आणि दहा-अकराला भारा घेऊन परततात. सोबत असते एकुलती एक बाटली. ओपनकास्ट खाणीत काम करणारे, रस्त्यावर डांबर टाकणारे, वीटभट्टीवरचे, सगळ्यांची तीच गत. यांना सहा-आठ लिटर पाणी लागतं आणि नुसत्या पाण्याने भागत नाही, कारण घामातून मीठही जातं. अशा कामात तहानेची वाट पाहू नये. दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावं आणि मध्येच मीठ घातलेलं ताक, अंबिल किंवा पन्हं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या ज्वारीची अंबिल सकाळीच करून मडक्यात ठेवायच्या. त्यात पाणी, मीठ, थोडं पिठूळ अन्न, सगळं एकत्र. त्यांना सोडियमचं शास्त्र कोणी शिकवलं नव्हतं. आता त्यांच्याच घरात फ्रीजमध्ये रंगीत पाण्याच्या बाटल्या असतात.

घरात पाहुणा आला की गूळ आणि पाणी पुढे करायची रीत होती, तीही याच जातीची. उलट ‘उन्हातून आल्या आल्या पाणी पिऊ नको, गरम-सर्द होईल’ ही सूचना मात्र धोक्याची. दोन मिनिटं टेकलात, घाम पुसलात, ठीक आहे. पण तहानलेल्या माणसाला अर्धा तास कोरडं बसवण्यात काही अर्थ नाही. फ्रीजच्या पाण्याने घसा धरला तर धरेल, ऊन लागलेल्या माणसाला त्याने इजा होत नाही. आणि ऊन लागलेला माणूस बरळायला लागला, चालताना झोकांड्या देऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर पाणी पाजत बसू नका, ते श्वासनलिकेत जाईल. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ला फोन करा. खिशातल्या कांद्यावर माझा आक्षेप नाही, फक्त त्याच्या भरवशावर राहू नका.

आता लघवीकडे येतो. दिवसा तीन-चार तासांनी एकदा, म्हणजे दिवसभरात पाच-सहा वेळा आणि रंग फिकट पिवळा, लिंबाच्या पातळ सरबतासारखा, असेल तर तुम्ही पुरेसं पाणी पिताय. मग ते किती पेले, याच्याशी मला देणंघेणं नाही. रंग मोहरीच्या तेलासारखा गडद, वास उग्र आणि सहा-सहा तास जावंसंच वाटत नाही, तर कमी पडतंय. अगदी पाण्यासारखी रंगहीन लघवी दर तासाला होत असेल तर जास्त होतंय. सकाळची पहिली लघवी सगळ्यांचीच गडद असते, तिच्यावरून अंदाज बांधू नका. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने हळदीसारखा पिवळाजर्द रंग येतो, क्षयाच्या औषधाने नारिंगी, बीट खाल्लं की काहींना लालसर. हे माहीत नसल्याने घाबरून आलेले लोक मी दरवर्षी पाहतो. पण यातलं काही खाल्लेलं नसताना लघवी लाल किंवा चहाच्या रंगाची झाली, तर पाणी वाढवून घरी थांबू नका, दाखवायला या.

आपल्या भाषेत याला ‘उन्हाळी लागणे’ असा नेमका शब्द आहे. लघवी थोडी थोडी, जळजळत, सारखी. उन्हाळ्यात लघवी दाट झाली की जळजळते, तेव्हा तांब्याभर पाणी आणि सब्जा घेऊन बरं वाटतं. पण बायकांच्या बाबतीत ‘उन्हाळी’ म्हणून आलेल्या बऱ्याच जणींना जंतुसंसर्ग असतो. थंडी वाजून ताप, कंबरेत बाजूला दुखणं, लघवीत रक्त, यातलं काही असेल किंवा बाई गरोदर असेल तर सब्ज्याच्या भरवशावर राहू नये. एक अभ्यास मला इथे नेहमी आठवतो. २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या आणि एरवी दिवसाला दीड लिटरहून कमी पिणाऱ्या १४० स्त्रिया घेतल्या. निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जादा प्यायला सांगितलं. वर्षभरात जादा पिणाऱ्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. औषध नाही, गोळी नाही, नुसतं पाणी.

हा अभ्यास वाचून मी खूश झालो होतो. एका शिक्षिकेला, वर्षात चौथ्यांदा ‘उन्हाळी’ घेऊन आलेल्या, उत्साहाने सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘पाणी पिईन जी, पण जायचं कुठं? शाळेतल्या संडासाले पाणी नाही, कडी नाही. सकाळी साडेनऊला घरून निघते, साडेपाचला परतते. म्हणून तर घरून निघतानाच पाणी पीत नाही.’ माझी बोलतीच बंद झाली. पाणी कमी पिणं हा त्यांचा अडाणीपणा नव्हता, तो त्यांनी विचार करून काढलेला मार्ग होता. एसटीच्या महिला कंडक्टर, बंदोबस्तावरच्या पोलीस, बाजारात भाजी विकणाऱ्या, रोवणीला गेलेल्या बायका, सगळ्या हेच करतात. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ (लघवीचा हक्क) या नावाने बायकांच्या मुतारीसाठी चळवळ चालली. लोकांनी नाव ऐकून तोंडाला पदर लावला, पण माझ्या मते गेल्या काही वर्षांतलं मूत्रपिंडासाठीचं ते एक महत्त्वाचं काम आहे. त्या शिक्षिकेला मी शेवटी जमेल असं वेळापत्रक करून दिलं: सकाळी उठल्यावर दोन पेले, निघण्याआधी तासभर बंद, मधल्या सुटीत शाळेशेजारच्या ओळखीच्या घरी जायचं ठरवून तिथेच दोन पेले, घरी परतल्यावर तीन. नंतर वर्षभरात एकदाच आल्या. कडी मात्र अजून बसली नाही म्हणे.

शाळेचाच विषय निघालाय तर मुलांचंही सांगतो. भरलेली बाटली भरलेलीच घरी येते, ही प्रत्येक आईची तक्रार असते. केरळने २०१९ मध्ये शाळांत पाणी प्यायची घंटा सुरू केली, तसं कुठल्याही शाळेला फुकटात करता येईल. आणि तान्ह्या बाळांच्या आज्यांसाठी: सहा महिन्यांपर्यंत मे महिन्यातही वरचं पाणी नको, चमचाभरसुद्धा नको. आईच्या दुधात पुरेसं पाणी असतं. पाणी आईने प्यायचं.

मूतखड्याबद्दल सविस्तर सांगायलाच हवं, कारण मे-जून-जुलैत माझ्याकडे तीच गर्दी असते. डंपर चालवणारा एक गडी तीन वर्षांत तीनदा आला. कळ इतकी की कॅबिनमध्येच आडवा पडला. खडा होण्याचं गणित साखरेच्या पाकासारखं आहे. पाक पातळ ठेवला तर साखर विरघळलेली राहते, आटवला की खडे धरतात. लघवीतल्या कॅल्शियम आणि ऑक्झलेटचं तेच. इटलीतल्या पार्मा इथे पहिला खडा पडून गेलेल्या १९९ जणांवर पाच वर्षं प्रयोग झाला, तो १९९६ मध्ये छापून आला. ज्यांना दोन लिटरच्या वर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगितलं, त्यांच्यात पुन्हा खडा झाला १२ टक्क्यांना. ज्यांना काही सांगितलं नाही, त्यांच्यात २७ टक्क्यांना. खडा एकदा झालेल्या माणसाला मी आता अडीच लिटर लघवीचं लक्ष्य देतो. सुटीच्या दिवशी एकदा प्लॅस्टिकच्या मोजपात्रात चोवीस तासांची लघवी मोजा म्हणतो. लोक हसतात, पण मोजल्यावर आकडा बहुधा लिटरभरच निघतो आणि मग मला वेगळं समजवावं लागत नाही. रात्री झोपताना पेलाभर पाणी यांनी घ्यावंच, कारण पाक रात्रीच आटतो. लिंबू पिळलं तर उत्तम, लिंबातलं सायट्रेट खडा धरू देत नाही. मीठ कमी करा. आणि दूध-दही सोडू नका: ‘खडा कॅल्शियमचा म्हणून दूध बंद’ हा सल्ला अजून सर्रास दिला जातो आणि तो उलटा आहे. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं. ते बंद केलं की ऑक्झलेट मोकळं होऊन लघवीत उतरतं. टोमॅटोच्या बिया मात्र निर्दोष आहेत बिचाऱ्या.

इथे माझी एक चूक कबूल करतो. नवीन असताना एका गावच्या शिबिरात मी माइकवरून ‘रोज चार लिटर पाणी प्या’ असं ठणकावून सांगितलं. शिबिर संपल्यावर तिथला आरोग्यसेवक मला गावातल्या हातपंपाशी घेऊन गेला. पंपाला लाल रंग दिलेला, म्हणजे पाणी पिण्याजोगं नाही. आजूबाजूला पोरं खेळत होती, सगळ्यांच्या दातांवर तपकिरी पट्टे. पाण्यात फ्लोराइड होतं. ‘साहेब, चार लिटर याचंच पिऊ का?’ चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड भागांत अशी गावं आहेत. फ्लोराइड लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरी काहीच सोय नसेल तर दीडपर्यंत. त्याच्या वर गेलं की दात जातात, मग पाठ आणि सांधे आखडतात. ते पाणी उकळून उपयोग नाही, उलट आटल्याने प्रमाण वाढतं. तिकडे पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाणी इतकं खारट की माणसाला पोटभर पिववतच नाही. त्यामुळे ‘जास्त पाणी प्या’ म्हणण्याआधी ‘कुठलं पिता’ हे विचारायचं, हे मी त्या दिवशी शिकलो. बोअरचं पाणी असेल तर वर्षातून एकदा भूजल किंवा जिल्हा आरोग्य प्रयोगशाळेत तपासून घ्या. साध्या जड पाण्याने खडा होतोच असं मात्र नाही. त्यापेक्षा ते पाणी चवीला बरं नाही म्हणून कमी प्यायलं जातं, हे माझ्या पाहण्यात जास्त आहे.

आता तुमच्या आई. साठीनंतर तहानेची घंटा हळू वाजू लागते. तरुणपणी रक्त दोनेक टक्के जरी दाट झालं तरी मेंदू ओरडून पाणी मागतो; म्हातारपणी तो कुजबुजतो. ‘तहानच लागत नाही’ हे त्या खरंच सांगताहेत, आळस म्हणून नाही. त्यात गुडघे दुखतात म्हणून उठणं नको, रात्री उठावं लागेल म्हणून संध्याकाळी पाणी नको. आणि रक्तदाबाच्या कितीतरी गोळ्यांमध्ये ‘लघवीची गोळी’, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, मिसळलेली असते, हे घरी कोणाला माहीत नसतं. गेल्या जूनमध्ये साधारण तुमच्या आईंच्याच वयाच्या एक बाई आल्या, दोन दिवस असंबद्ध बोलत होत्या. घरच्यांना वाटलं, पक्षाघात किंवा भ्रमिष्टपणा. जीभ वाळलेल्या पापडासारखी, बसवलं की रक्तदाब नव्वदवर, मूत्रपिंडाचं काम मंदावल्याचं सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन २.८. गोळीत लघवीचं औषध होतं, वर गुडघ्यासाठी रोज दुखण्याची गोळी, वर तीन दिवस हगवण. हे त्रिकूट मूत्रपिंडाला आडवं पाडतं. सलाइन दिलं, दोन्ही गोळ्या थांबवल्या, चौथ्या दिवशी त्यांनी सुनेला नावानिशी ओळखून चहात साखर कमी आहे म्हणून झापलं. या बाई वाचल्या. अशा प्रकारात मूत्रपिंड नेहमी पूर्ववत होतंच असं नाही.

म्हातारी माणसं ॲपने पाणी पीत नाहीत, सवयीने पितात. आईंना ‘पाणी पी’ म्हणून फोन करू नका, त्याला त्या ‘हो’ म्हणतील आणि विसरतील. पाणी कशाला तरी बांधून टाका. गोळी घेताना घोटभराऐवजी पूर्ण पेला. देवपूजेनंतर पेला. दुपारच्या जेवणात वाटीभर ताक. चहाआधी पेला. मालिका सुरू होताना पेला. संध्याकाळी सातनंतर थोडंच, म्हणजे रात्रीची उठबस वाचेल. ज्या पुरुषांना प्रोस्टेटमुळे पाणी प्यायची भीती वाटते त्यांनाही मी हेच सांगतो, शिवाय प्रोस्टेट दाखवून घ्या म्हणतो, पाणी तोडून तो बरा होत नाही. आणि जुलाब-उलट्या लागल्या की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून ‘लघवीची गोळी चालू ठेवू का’ एवढं विचारायचं.

जुलाबात नुसतं पाणी पुरत नाही, ओआरएस लागतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमध्ये, बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलऱ्याने माणसं पटापट मरत होती आणि सलाइन संपलं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी ड्रमात कालवून ते रुग्णांच्या नातेवाइकांकडून पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. ते औषध आज काही रुपयांच्या पुडीत मिळतं. पुडी अख्खी, तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच घालायची, मोठी असेल तर एक लिटरमध्ये. पेलाभर पाण्यात चिमूटभर टाकून उपयोग नाही. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुकानात ‘ओआरएस’ नावाने विकल्या जाणाऱ्या गोड डब्यांपासून सावध राहा. अशा पेयांवर तो शब्द छापायला आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये बंदी घातली, तरी जुनी सवय जायला वेळ लागेल.

आता तुमचे चार लिटर. निरोगी मूत्रपिंड तासाला पाऊण ते एक लिटर जादा पाणी बाहेर टाकू शकतं, त्यामुळे दिवसभरात विभागून प्यायलेल्या चार लिटरने तुम्हाला इजा होणार नाही. फक्त झोप मोडते आणि फायदा काही नाही. ‘टॉक्सिन धुऊन निघतात’ वगैरे ऐकायला बरं वाटतं, पण मूत्रपिंड म्हणजे मोरी नव्हे. जास्त पाणी ओतलं म्हणून जास्त घाण निघत नाही. त्वचा उजळण्याचंही तसंच. उभ्याने पाणी प्यायल्याने गुडघे जात नाहीत, जेवताना प्यायल्याने पचन बिघडत नाही. सकाळी उठल्यावर पेला-दोन पेले घेणं चांगलं, कोठा साफ व्हायलाही मदत होते. पण लिटरभर पाणी नाक दाबून ढोसण्यात काही पुण्य नाही. तांब्याच्या भांड्यातलं पाणी ठीक, त्यात लिंबू किंवा ताक ठेवू नका एवढंच.

मात्र हेच चार लिटर दुसऱ्या कोणाच्या जिवावर येऊ शकतात. बहात्तर वर्षांचे एक निवृत्त गृहस्थ, मोबाइलवर आलेला ‘जलोपचार’ वाचून रोज पहाटे दीड लिटर आणि दिवसभरात आणखी साडेतीन लिटर पिऊ लागले. रक्तदाबासाठी लघवीची गोळी होती, जेवणात मीठ जवळजवळ बंद. बाराव्या दिवशी झटका येऊन आले. रक्तातलं सोडियम ११८. ते १३५ ते १४५ असायला हवं. पाण्याने ते इतकं पातळ झालं की मेंदूला सूज आली. असं सोडियम भराभर वर आणलं तरी मेंदूला इजा होते, म्हणून तीन दिवस थेंबाथेंबाचा हिशेब करावा लागला. धडधाकट माणसांनाही हे होतं: २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम उतरलेलं सापडलं, आणि त्यातल्या अनेकांचं वजन पळून कमी होण्याऐवजी वाढलं होतं, इतकं पाणी ते वाटेत प्यायले होते. हृदय कमजोर असलेले, यकृत खराब होऊन पोटात पाणी झालेले, डायलिसिसवरचे, यांना तर पाणी मोजूनच प्यावं लागतं. त्यांनी हे सगळं उत्तर बाजूला ठेवावं आणि आपल्या डॉक्टरांनी दिलेला आकडा पाळावा. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं तर लगेच दाखवावं.

तर असं करा. आईंच्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो मागवा आणि त्यांच्या डॉक्टरांना विचारा, यात लघवीची गोळी आहे का. दुखण्याची गोळी त्या परस्पर घेतात का, हेही शोधा. बहुतेक घेत असतील आणि तुम्हाला सांगितलं नसेल. क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम एकदा तपासा. हृदयाचा त्रास नसेल तर वर सांगितल्यासारखे पेले कशाला तरी बांधून द्या, ताक-वरण-चहा वेगळे. मार्च ते जून आणखी दोन पेले वाढवा. फोनवर त्यांना लिटर विचारू नका, रंग विचारा. पहिल्यांदा लाजतील, मग सवय होईल.

आणि तुम्ही ॲप काढून टाका. तहान लागेल तसं प्या, ऑफिसात एसी असतो म्हणून तहान थोडी दबते, तेव्हा टेबलावर एक बाटली ठेवा आणि दिवसात दोनदा भरा, बस्स. संध्याकाळी आठनंतर पेलाभराच्या वर नको. आठ दिवसांत रात्रीचं उठणं थांबलं तर प्रश्न पाण्याचाच होता. पाणी कमी करूनही घसा कोरडा पडत राहिला आणि रात्री उठणं चालूच राहिलं, तर उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर तपासून घ्या. चौतिशीत, बैठं काम असणाऱ्यांमध्ये मला हल्ली ती वाढलेली बरीच सापडते.